जलरक्षक दलाची वर्दी

२ जून, सकाळ
रिटायर होऊन आज एक वर्ष झालं. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. अंगातली खाकी उतरली आणि मी लोकांना दिसेनासाच झालो. टपरीवर बाक रिकामा करून देणारे आता सरकतसुद्धा नाहीत. पण गावानं मला जलरक्षक दलाचा प्रमुख केलं आहे. म्हणजे मीच सुचवलं, कोणी नाही म्हणालं नाही. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की अडकलेल्यांना बोटीतून आणायचं. पाच स्वयंसेवक, एक बोट.
संकल्प: कडक शिस्त. आणि प्रमुखाला पोहता यायला हवं, म्हणून सोमवारपासून पोहायला शिकणे.

६ जून
दलाची पाहणी केली. घोर निराशा. मुखरू ढीवर हाफपँटवर आला, वर भोकाभोकाचं बनियन. त्यानं आजवर नदीतून अकरा माणसं काढली म्हणतात. असतील. पण रुबाब? खाकी शर्ट नसता तर माझ्या 'पुढं सरका'वर कोण सरकलं असतं? ठरवलं: दलाला मिलिटरीसारखी वर्दी. हिरवे-काळे चट्टे, उंच बूट, टोपी, काळा गॉगल. स्वयंसेवक विक्की टेलर आहे. त्यानं लगेच माझ्या पोटाचं माप घेतलं. दोनदा घेतलं.

१० जून, सोमवार
मीटिंग. मुखरू म्हणाला, "भाऊ, पान्यात बूट घालून कोन उतरते? बुटात पानी भरलं का मानूस खाली जाते." मी म्हटलं, कमांडो उतरतात. तो म्हणाला, "अन् आपल्या इकडं हे कपडे पाहून लोक पळतेत. काऊन पळतेत, तुमाले मालूम नाई का?" मी म्हटलं, आपली shade वेगळी आहे. ठराव पास, पाच विरुद्ध एक.
घरी बायको, सुगंधा, म्हणाली, "पोलिसायनं पाह्यलं त आधी तुमालेच पकडतीन." बायकांना शिस्तीचं महत्त्व कळत नाही.
पोहणं: पाणी थंड होतं. पुढचा सोमवार.

२३ जून
वर्दी आली. आरशासमोर अर्धा तास. मग बाजारात एक फेरी मारली. भाजीवाल्या एकदम गप्प झाल्या. एक बाई तर वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, टोपली जागेवर टाकून निघून गेली. याला म्हणतात वचक. एक वर्षानंतर लोकांना मी दिसलो.

३० जून
मुखरूनं बूट लेसनं बांधून दाराला टांगले आहेत. कोंबडी त्यात बसते. लेखी मेमो दिला. ऐकलं नाही, म्हणून दलातून कमी केलं. "बरं भाऊ," एवढंच म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.
पोहणं: गुडघा दुखत होता.

८ जुलै
धोक्याच्या जागांची यादी केली. पहिला नंबर पोचूभाऊ मडावी. नदी आणि नाल्याच्या मधल्या शेतात झोपडी बांधून एकटाच राहतो, बायको पल्याडच्या गावात असते. माझा जुना प्रवासी. मोहाच्या झाडाखाली स्टॉप नव्हता, तरी त्याच्यासाठी मी घंटी मारून गाडी थांबवायचो. चढताना "कंडक्टरभाऊ" म्हणून हात जोडायचा, आणि तिकीट घडी करून मुंडाशात खोचायचा. पूर आला तर त्याला आपणच आणू. मला वर्दीत पाहून खूश होईल.
आज सोमवार होता, पण बुटांना पॉलिश करायचं होतं.

१९ जुलै, संध्याकाळ
report त्याच दिवशी लिहिलेला बरा.
सकाळी पाणी पोचूभाऊच्या झोपडीला लागलं. मुखरू घाटावर होता, बोटीत येतो म्हणाला. वर्दी नाही म्हणून मी नाही म्हटलं. नियम सर्वांना सारखा. आम्ही पाच जण निघालो. बोट जवळ गेली तसा पोचूभाऊ बाहेर आला. मी पुढे उभा राहून भोंग्यातून सूचना दिली: नागरिकांनी घाबरू नये, हात वर करून जागेवर उभे राहावे.
त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि उलटा पळाला. नाल्याकडे. नाल्यापलीकडे जंगल लागतं. नाल्यालाही नदीएवढीच धार होती आणि तो तिच्यात शिरला.
मी उडी मारणारच होतो. बुटाची लेस सुटेना. विक्कीचीही सुटेना. आम्ही सगळे खाली वाकून लेस सोडत होतो. मान वर केली तेव्हा पाण्यावर फक्त मुंडासं होतं. मुखरू आपला डोंगा घेऊन मागून आला होता. त्यानं उडी मारली, पाच-सहा बुड्या मारल्या, रिकाम्या हातानं वर आला.

२० जुलै
पाणीच तेवढं होतं. वर्दीचा काही संबंध नाही. पोचूभाऊनं सूचना पाळली नाही. विक्कीही तेच म्हणतो. मग जेवण का जात नाही, कळत नाही.

२२ जुलै
आज दुपारी सापडला. दोन कोस खाली, बाभळीत अडकलेला. मुखरूनंच काढला. अंगावर घालायला कापड नव्हतं. मी टोपी, गॉगल काढले आणि वर्दीचा शर्ट काढून त्याच्यावर टाकला. त्याची बायको अंजनाबाई आली आणि तिनं दोन बोटांनी तो शर्ट बाजूला केला. म्हणाली, "हे नोको. असे कपडेवाले आले अन् आमच्या पोराले आंगनातून घेऊन गेले. थो आलाच नाई. पोलिसायचे होते का जंगलातले, याले मालूम नाई. कपडे मालूम."
मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कंडक्टरभाऊ? तुमी होते थ्या बोटीत?"
मी मान हलवली.
"मंग नुस्ता 'चला पोचूभाऊ' म्हनाचं होतं ना. आला असता थो. तुमचा आवाज वळखे."
तिनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्याच्यावर घातला.

२४ जुलै
विक्कीनं सगळ्यांच्या वर्द्या परत नेल्या. पिशव्या शिवतो म्हणाला. मी माझी घडी करून दिली.

५ ऑगस्ट, सोमवार
बनियन आणि हाफपँटवर घाटावर गेलो. मुखरू जाळं सोडवत होता. पोहायला शिकव म्हटलं. "उतरा," म्हणाला. मांडीभर पाण्यात गेलो. पुढे पाऊल उचलेना.
त्यानं विचारलं, "भाऊ, त्या दिवशी लेस खरंच नाई सुटली का?"
इतके दिवस या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, केव्हाच सुटली होती. मी मुद्दाम मान वर केली नव्हती.
त्यानं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बाहेर या. आज पानी थंड हाय."
मी बाहेर आलो. पाणी थंड नव्हतं.