माळ्यावरची मुडी

लालबाग, चैत्र

प्रिय माधव,

आता आठवली का रे तुला मुडी? शिमग्याला मी भाऊच्या धक्क्यावर दोन तास उभी होते. बोट आली, तू नाहीस, नवी मुडी नाही, निरोप नाही. आणि आता चार ओळींचं कार्ड येतं, की ताई, माळ्यावरचं रात्याचं बी कुणाबरोबर तरी पाठव. माझ्या गुडघ्याचं विचारायला कार्डात जागा उरली नव्हती वाटतं.

हे पत्र मी बाबुरावांकडून लिहून घेतलेलं नाही. ते लिहितात आणि मग चाळभर सांगतात. माझं दुसरीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच.

बांध फुटून खाडीकाठच्या खारात समुद्र शिरला त्या साली गावाचं सगळं भात गेलं, उभा राहिला तो एकटा आपला लाल राता. तेव्हापासून आईने नेम धरला, बी दोन घरांत ठेवायचं. पेंढ्यात बांधलेली एक मुडी तिच्या चुलीवरच्या माळ्यावर, एक माझ्या. धुरात राहिली की किडा लागत नाही. दर शिमग्याला नवी यायची, जुनी पेरायला परत जायची. माझी खोली केवढी, तिच्यात चौदा गिरणीवाले जेवायला बसतात. तरी सोळा वर्षं मी त्या गाठोड्याला जागा दिली. यांनी दोनदा खाली काढलं, मी दोनदा वर चढवलं.

आणि तू? शेतकीच्या साहेबाने ओंजळीत बारीक पांढरं बी ठेवलं, दुप्पट पिकेल म्हणाला, की हुरळलास. नवं पेरू नये असं मी म्हणत नाही. गोड्या पाण्याच्या तुकड्यात पेरायचंस. तू बांधालगतचं खाचरही त्यालाच दिलंस आणि घरची मुडी भरडून खाल्लीस. तुझ्या नलूनेच कळवलंय, बायकोला त्यावरून बोलू नकोस. भादव्याच्या उधाणाला पाणी आत आलं आणि पांढरं सगळं झोपलं. खाऱ्या पाण्याला साहेबाची ओळख नाही.

एवढं तोंड सोडलं, आता माझं ऐक. मुडी मीही फोडली.

जानेवारीत इथे माणसं मुंबई महाराष्ट्रालाच हवी म्हणून रस्त्यावर आली, गोळ्या चालल्या, करफ्यू लागला. दुकानं बंद, डबे रिकामे. दोन दिवस पिठावर भागवलं. तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढून सुंभ कापलं, उखळात कांडलं, पेज केली. माझ्याकडे जेवणाऱ्यांतल्या आपल्या गावच्या गणपतने पहिल्याच घोटाला ओळखलं, की हा आमच्या खाराचा राता. दुसरा वाडगा मागून घेतला. संध्याकाळी खाली उतरला तो गोळी लागून काळाचौकीच्या नाक्यावरच राहिला. त्याला वाढलं त्याचा मला पस्तावा नाही. पस्तावा याचा, की दुकानं उघडल्यावरही मी त्यातलंच कांडत राहिले. शिमग्याला तू नवी आणशील म्हणून. तू खाल्लीस ती माझ्याकडे आहे म्हणून, मी कांडली ती तुझ्याकडे आहे म्हणून. आईने दोन घरं केली, आणि आपण दोघांनी एकमेकांच्या भरवशावर दोन्ही रिकामी केली.

तळाशी दोन शेर उरलंय. वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहिले, अकराच उगवले. पुढच्या साली एकही उगवणार नाही, म्हणजे पेरायचं ते याच पावसाळ्यात. कुणाबरोबर पाठवणार नाही, स्वतः ये. त्याआधी तुझ्या हाताने लिहून पाठव, की बांधालगत हेच पेरीन, पहिल्या पिकाचा दाणा न खाता दोन मुड्या बांधीन आणि एक इथे आणीन. अक्षय तृतीयेपर्यंत उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या बोटीने जाऊन ते बी गणपतच्या आईच्या पदरात घालीन. तिचंही खाचर खारातच आहे. मग आपला राता मागायला तिच्या दारात उभा राहा, आणि तिचा मुलगा शेवटचं काय जेवला तेही तिलाच विचार.

तुझीच, शिव्या देणारी आणि खाणारी,
दुर्गाताई