पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन

३ एप्रिल
सासूबाईंना पुन्हा चक्कर आली. डॉक्टर आत येताच म्हणाले, "ही खोली आहे की भट्टी?" अजून एकदा असं झालं तर दवाखान्यात ठेवावं लागेल म्हणे. दुपारी चारला तापमान अडतीस! पश्चिमेची खिडकी, आणि तिला साधा पडदाही नाही. अकरा वर्षं झाली, त्यांना दिसत नाही. मग पडदा कशाला, असंच सगळ्यांनी धरून चाललेलं. मीसुद्धा. फार लाज वाटली.

५ एप्रिल
पट्ट्यांचे ब्लाइंड्स आणून आतून लावले. मीच, स्टुलावर चढून. सदतीस. एवढा खटाटोप करून एक अंश!

६ एप्रिल
पट्टीला बोट लावलं तर चटका बसला. ब्लाइंड्सवाल्याला फोन केला. तो हसायलाच लागला. "वहिनी, ऊन काचेतून आत आलं की संपलं. ते पट्ट्या तापवणार, पट्ट्या खोली तापवणार. काचेच्या बाहेर लावा."

८ एप्रिल
त्याने बाहेरून पांढऱ्या पट्ट्या बसवल्या. चारला एकतीस. तीनदा बघितलं. तोच सूर्य, तीच काच, पट्ट्या फक्त वीतभर पलीकडे गेल्या — आणि सहा अंश! विश्वासच बसेना. भिंतीला गाल लावून उभी राहिले. गार. हे ऑफिसातून आले तेव्हा मी तशीच. "बरी आहेस ना?" म्हणाले.

१० एप्रिल
तीस. चक्कर नाही.

१३ एप्रिल
चक्कर गेली, पण सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय. जेवण टाकतात. भर दुपारी "तो आला का गं?" — दर दहा मिनिटांनी. आधी हे यायच्या सुमारासच केस नीट करून बसायच्या. आता काही सुधरत नाही. "वय झालंय," डॉक्टर म्हणाले. मला भीती वाटतेय.

१४ एप्रिल
शेवटी त्यांनाच विचारलं. पांघरूण चाचपत म्हणाल्या, "ऊन पायावर आलं की चार. हातावर आलं की पाच. गालाला लागलं की तो येतो. हल्ली दुपार संपते कधी, तेच कळत नाही बघ."
अकरा वर्षं मला वाटत होतं, या खिडकीचा त्यांना काही उपयोग नाही.

१५ एप्रिल
ब्लाइंड्सवाल्याकडून मधली एक पट्टी काढून घेतली. "चांगल्या कामाची नासाडी," तो पुटपुटला. खोली एकतीस.
संध्याकाळी सासूबाईंच्या गालावर बोटभर ऊन आलं. त्यांनी केस नीट केले. मग जिन्यावर ह्यांची पावलं वाजली.