मगरमाशासाठी राखलेले तळे

“मासा टाकीएवढाच वाढतो, सूनबाई. न्हाई मावला तर मला सांग,” असे माझे सासरे मारुतराव आबा म्हणाले होते. मासा मावला नाही. सांगायला आबा राहिले नाहीत.

मी, सौ. मुक्ता विश्वजीत शितोळे, वय ४६, राहणार दौंड. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे आणि हे मृत्युपत्र मी माझ्या मर्जीने लिहीत आहे.

१. दागिने, बँकेतली ठेव व शिलाई मशीन मुलगी तेजश्रीला.

२. जाऊबाई सविता यांनी नेसायला नेलेली पैठणी त्यांच्याकडेच राहू द्यावी. मागून मागून माझे तोंड दुखले.

३. कवठे येमाईची आईकडून आलेली जमीन व त्यातले शेततळे तेजश्रीला. तळे तिने विकू नये, भरलेले ठेवावे. ते हॉलमधल्या मगरमाशासाठी आहे.

हा परदेशी शिकारी मासा आणला तेव्हा बोटाएवढा होता. आता तोंड एका काचेला आणि शेपूट दुसऱ्या काचेला लागते. पाठीला बाक आला आहे. तो आला त्या वर्षी माझे पती साखर कारखान्याचे संचालक झाले. तेव्हापासून उमेदवारी अर्ज भरायला निघताना आधी त्याला घास घालतात. कार्यकर्ते दारातूनच ओरडतात, “वहिनी, आधी काचेतल्या मालकाचं दर्शन, मग चहा!” त्या चहापायीच शिरूरच्या शाळेतली माझी नोकरी सुटली.

त्याला सोडा म्हटले, तर पती म्हणाले, “ह्यो गेला म्हंजी खुर्ची गेली. आन् त्याला काय तरास हाय? जागच्या जागी खातोय की.”

मी स्वयंपाकघरात गेले. ताटे वाढायची होती.

भीमेत त्याला सोडू नये, तिथले सगळे मासे फस्त करील. तळ्याला प्लास्टिक अंथरले आहे, तिथून तो कुठे जाणार नाही. मासा पतींचा आहे, तो मला देता येत नाही. तळे माझे आहे, ते देते.

सही: मुक्ता वि. शितोळे
साक्षीदार: दीक्षा गायकवाड, शिक्षिका, शिरूर
मच्छिंद्र सोनवणे, दौंड
दौंड, १४ नोव्हेंबर २०२४

सहीखाली लिहिलेले मृत्युपत्रात धरत नाहीत, असे दीक्षा म्हणाली. म्हणून हे इथे लिहिते.

अहो, मी जाईपर्यंत थांबू नका. ऑपरेशनच्या आधी आम्हा दोघांना, मला आणि माशाला, कवठ्याला न्या. तुम्ही नाही म्हणणार, मला ठाऊक आहे. तरी न्या. मला त्याला एकदा वळताना पाहायचे आहे.