पिवळी दिसणारी गारगोटी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला? इकडे सगळं ठीक. आता खरंच ठीक आहे, म्हणून तर लिहायला बसले.

दोन महिने फोनवर नुसतं "कामात आहे गं" ऐकून तू फुगून बसली असशील. फुग. पण आधी माझ्या दगडांचं ऐक.

मी लॅबमध्ये काय करते हे तू दर वेळी विसरतेस. दगडाचा काप काचेच्या पट्टीवर चिकटवायचा आणि घासून घासून केसाहून पातळ करायचा. मग त्यातून उजेड आरपार जातो आणि दगड कसा घडला ते साहेबांना मायक्रोस्कोपखाली कळतं. थांबायचं कधी, हे गारगोटीचे कण सांगतात. काप जाड असला की तिथे ते पिवळे दिसतात, हवा तेवढा पातळ झाला की राखाडी-पांढरे. राखाडी-पांढरे दिसेपर्यंत घासायचं, बस.

तर मध्यंतरी वालुकाश्माचा एक काप घासत होते. पिवळा. आणखी घासला, तरी पिवळा. घासता घासता दगडच संपला, हातात कोरी काच. दुसऱ्या कापाचंही तेच. साहेब म्हणाले, "बाई, दगड खाल्लात की काय?" मी हसले आणि मान वर केली, तर समोरची पांढरी भिंतही मला पिवळीच दिसत होती.

आई आठवली. तिचंही "काही नाही गं, इथे उजेड कमी आहे" असंच सुरू झालं होतं. पुढे शेवटपर्यंत तू तिला हाताला धरून न्हाणीघरात नेलंस, स्वतःचं सगळं बाजूला ठेवून. माझ्यावर ती पाळी आली तर तू पुन्हा तेच करशील, हे ठाऊक होतं. म्हणून तोंड शिवून बसले. फार घाबरले होते.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सहज म्हणाल्या, "साधा मोतीबिंदू आहे. तुमच्या आईंचा आजार नाही हा." मी तिथेच रडायला लागले. त्यांना वाटलं, मी ऑपरेशनला भ्याले.

उजवा डोळा झाला. डावा मिटला की भिंत पांढरी, उजवा मिटला की पिवळी. काल कामावर मी इतके डोळे मिचकावले की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ गैरसमज करून घेतील.

कालचा पहिला काप एका चंदेरी दगडाचा होता. घासला, पाहिला, गारगोटी राखाडी-पांढरी. थांबले. वेळेवर थांबले, ताई. मग बघतच राहिले. हा दगड मुळात पाण्याखालचा चिखल. थर साचून दगड झाला, खोल गाडला गेला, दाबाखाली त्याची पाटी झाली. आणखी दाब, आणखी उष्णता, आणि त्याच चिखलातून अभ्रकाचे पापुद्रे तयार झाले, सगळे एका दिशेने आडवे. इतकं सोसलं, पण वितळला नाही. साहेबांनी काच उजेडात धरली आणि म्हणाले, "वा, आज दगड शिल्लक आहे."

डावा डोळा पुढच्या महिन्यात. तू ये. राग गेला नसेल तर रागावूनच ये. आईचा धरायचीस तसा माझा हात धरायची गरज नाही. पण धरलास तर मी सोडवून घेणार नाही.

एका स्वच्छ डोळ्याने लिहिणारी,
तुझी धाकटी