घरातली निरीक्षक

सोमवार, ४ मार्च
चिमणीच्या बालवाडीतून निरोप. शुक्रवारी प्रत्येक मुलाने घरातल्या एका ‘पृथ्वीच्या मित्रा’चं चित्र काढायचं. चित्रं तिथल्या हॉलमध्ये लागणार. आमच्या घरातला म्हणजे मीच. बायको म्हणाली, बघू.

पर्यावरणाचे संस्कार लहानपणीच व्हायला हवेत. जेवताना चिमणीला सगळं समजावलं. तिला घराची निरीक्षक नेमलं, शिट्टी आणून दिली. कोणी चुकलं की वाजवायची. आता बायको सुधारेल.

मंगळवार
पहिली शिट्टी मला. दात घासताना नळ चालू होता. दुसरीही मला. शिट्टी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात मी गाडी काढली होती, ते निरीक्षक बाईसाहेबांना आज आठवलं. बायकोला एकही नाही. निरीक्षक पक्षपाती आहे.

बुधवार, सकाळी
गाडीची चावी गायब. कुठे ठेवली, चिमणी सांगत नाही. ऑफिसला चालत. साहेबांना कारण सांगितलं, तर म्हणाले, मुलीला आमच्या घरी आणू नका.

संध्याकाळी
वीज वाचवायला तिने फ्रिज बंद केला. दूध नासलं. बायकोने पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं. शेजारच्यांचं मांजर दिवसभर आमच्याकडेच पडलेलं असतं, त्याने पातेलं चाटूनपुसून साफ केलं. काही वाया गेलं नाही म्हणून चिमणीने टाळ्या वाजवल्या.
आता पाणी वाचवायचं म्हणून आंघोळ करत नाही. मुद्दा माझाच, खोडता येईना.

गुरुवार
चॉकलेट देऊन विचारलं, उद्या कोणाचं चित्र? तिने चॉकलेट खाल्लं, त्याचा प्लॅस्टिकचा कागद माझ्या हातात दिला आणि शिट्टी वाजवली.
शिट्टी लपवली. आता नुसत्या तोंडाने वाजवते. जास्त मोठी वाजते.
खरं सांगायचं तर मला ते चित्र हवंय. माझं कौतुक भिंतीवर कधी लागलेलं नाही. उद्या नळ बंद, पंखा बंद, तोंडही बंद. एक दिवस जमेल.

शुक्रवार, संध्याकाळी
नवा शर्ट घालून चालत गेलो. हॉलभर आया, बाबा, आज्या. आमच्या चिमणीचं चित्र मांजराचं.
मी बालवाडीच्या बाईंना म्हणालो, घरातलं कोणीतरी हवं होतं ना? त्या म्हणाल्या, चिमणीच्या मते ते घरातलंच आहे. ते गाडी काढत नाही, नळ चालू ठेवत नाही, ताटात टाकत नाही. आणि भाषण देत नाही.
फार वाईट वाटलं. मग चित्राच्या कोपऱ्यात एक बारकासा माणूस दिसला. चिमणीला विचारलं, हा कोण? म्हणाली, तू. मांजराकडे बघून शिकतोयस.
घरी आलो तर मांजर सोफ्यावर, माझ्या जागेवर. उठवायला गेलो, तेवढ्यात शिट्टी.
खाली बसून लिहितोय.