मागच्या दाराच्या कुलपाबाबत

मी, कौसल्या रामराव गावंडे, वय एकसष्ट, धंदा कापसाचं जिनिंग, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. अर्धांगानं डावी बाजू गेली आहे. उजवा हात आणि डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लिहिण्यास कोणी भाग पाडलेलं नाही. न लिहिता मरणं मात्र मला जमेना.

१. राहतं घर, दागिने व पोस्टातली शिल्लक माझी मुलगी नलू हिला. नलू, तुझ्या बाळंतपणाला आले नाही. हंगाम होता. राग धरला असशील तर तो रास्त आहे.

२. दीर नागोराव यांना काहीही देऊ नये. सत्तावन्न साली पती वारले, तेव्हा तेराव्यालाच ते म्हणाले, "वैनी, बाईमाणसाले जिन नाही झेपत. रुईची चोरी होऊ लागली का किल्ल्या मले द्यान." ते भय मी चार वर्षं उशाशी घेऊन झोपले.

३. पतीच्या काळी कामगार आत गेले की मागच्या दाराला बाहेरून कुलूप पडे आणि सुटताना बायकांची झडती होई. मी दोन्ही बंद केलं. फिटर भीमराज मनवर यानं छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. त्याच्या लोकांसाठी वेगळा माठ असे. तो काढून मी सगळ्यांबरोबर एकाच माठातलं पाणी प्याले. तरी वर्षभर माझ्याशी कोणी मोकळं बोललं नाही. मग एक दिवस भीमराजची बायको सुखीबाई ऑफिसात आली. "बाई, रेच्याचा पट्टा ढिला झाला. कोनाचा तरी हात जाईन." तिनं आपण होऊन सांगितलं, याचा मला केवढा आनंद झाला!

४. एकसष्ट सालच्या माघात रुई कमी भरली. किल्ल्यांसाठी नागोरावांचा निरोप आला. मी चौकीदार उत्तमसिंग चव्हाण याला बोलावून म्हटलं, "चार दिवस मागचं दार लावून ठेव. कोणाला बोलू नकोस."

"बाई, कुलूप तं तुमीच काढाले लावलं होतं."

"सांगितलं तेवढं कर."

तिसऱ्या दुपारी सरकी काढणाऱ्या रेच्यात खडा गेला, ठिणगी उडाली आणि पुढच्या बाजूची रुई पेटली. बायका मागच्या दाराकडे धावल्या. भीमराजनं सब्बलीनं दार फोडलं. नऊजणी बाहेर आल्या. सुखीबाई आली नाही.

चौकशीत साहेबानं विचारलं, कुलूप कोणी लावायला सांगितलं? उत्तमसिंग माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणाले, "मी तर कुलूप काढायचा हुकूम दिला होता." तो खाली मान घालून म्हणाला, "बाई म्हन्ते तसंच हाये." त्याला आठ महिने शिक्षा झाली.

रुई कोणी चोरलीच नव्हती. काटा बिघडला होता.

५. त्रेसष्ट साली गावातल्या सगळ्या जिन संपानं बंद पडल्या, माझी सोडून. भीमराज फाटकावर उभा राहून संपवाल्यांना म्हणाला, "आमची बाई खोटं बोलत नाही." त्या दिवसापासून कामगार माझ्यासाठी वाट सोडतात, घरचं काही केलं की डब्यात आणून देतात. मला ते गिळवत नाही आणि परतही करता येत नाही. त्यांच्या विश्वासातून बाहेर पडायला मला दार सापडत नाही. म्हणून लेखी सांगते: ते कुलूप माझ्या हुकमानं लागलं होतं.

६. जिन, यंत्रं व जागा कामगारांच्या सहकारी संस्थेला. हा उपकार समजू नये. माझा फोटो आत लावू नये.

७. दिग्रस रस्त्यावरचं शेत उत्तमसिंगला. सध्या तो पुसदकडे हमाली करतो. त्यानं नाकारल्यास आग्रह करू नये.

८. भीमराजला मी काही ठेवलेलं नाही. घेणाऱ्यानं साक्ष दिली तर लोक संशय घेतील. साक्षीला मला तोच हवा.

आज हा कागद मी त्याला वाचायला दिला. त्यानं दोनदा वाचला. कागद माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "हे तुमी मेल्यावर कायले? उत्तमसिंग जित्ता हाये. त्याले आत्ता बोलवा. सगळ्यांच्या पुढं सांगा."

मी म्हटलं, "सांगते."

पुसदला माणूस पाठवला आहे.

ठिकाण: दारव्हा. तारीख: १४ मार्च १९६५.

सही: कौसल्या रामराव गावंडे

साक्षीदार:

१) जफर रहमत शेख, मिस्त्री, दारव्हा. माझ्यादेखत सही झाली.

२) भीमराज उकंडा मनवर, फिटर, दारव्हा. वाचून सही केली. माफ केलं असं कोणी समजू नये.