नाकात मारलेली फुंकर

पूर्णिमा,

माहेरी गेलीस ते बरं केलंस. माझं तोंड बघवलं नसतं तुला.

तुझी तीन महिन्यांची ओवी छातीत कफ भरून दगावली, तेव्हा चार माणसांत मीच म्हटलं, "हिनं हिंजवडीच्या कंपनीतून रोग आणला आणि लेकराला दिला." शंभू तुझा नवरा, पण त्यानंही आईचंच खरं धरलं.

तेव्हा आपल्या सगळ्यांच्या नाकात काड्या घातल्या होत्या ना, त्याचा रिपोर्ट काल आला. शंभू कामावर, म्हणून दवाखान्यात मीच गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, विषाणूंचीही घराणी असतात. सूनबाईंचा निराळा निघाला. बाळाचा आणि तुमचा एकच. आधी सर्दी कुणाला झाली?"

मला. तरी रोज अंघोळीनंतर पाणी निघावं म्हणून मी ओवीच्या नाकात फुंकर मारत होते. तू "आई, नको" म्हणालीस, तर "चार पोरं वाढवलीत मी" म्हणून तुलाच फटकारलं.

संध्याकाळी शंभूनं विचारलं. मी म्हटलं, "इंग्रजीत होतं, मला काय कळतंय."

खरं सांगितलं तर तो उद्याच तुला आणायला निघेल. पण मग माझं तोंडही बघणार नाही, म्हणून मी सांगत नाही. त्याच्या ताटात भाकरी वाढते, तो तुला शिव्या देतो, आणि मी ऐकून घेते.

तुझी सासू,
मुक्ताई